कुदळमामांचे तीन ढीग

कुदळमामा कबर खणत तेव्हा मातीचे तीन ढीग घालत. वरची काळी माती डाव्या अंगाला, तिच्याखालची पिवळी उजव्या अंगाला, आणि कमरेइतके खाली गेल्यावर लागणारी पांढरी, शिंपल्यांनी भरलेली माती डोक्याच्या बाजूला. पेटी खाली गेली, लोक मूठमूठ माती टाकून, डोळे टिपून फाटकाबाहेर पडले, की मामा उलट क्रमाने भरायला घेत. आधी पांढरी, मग पिवळी, वर काळी. दर थरावर पाण्याचा हबका मारून माती ठोकायची धुम्मस चालवत. त्यांची कबर कधी खचली नाही, की तिच्यावरचा दगड कधी कलला नाही. पलीकडच्या मोठ्या कबरस्तानातले गडी एकच ढीग घालतात आणि हाताला येईल तसा लोटून देतात, हे मामांनी एकदा डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हापासून ते त्या गड्यांशी बोलत नसत. "भेसळ," एवढा एकच शब्द ते त्या कामाला वापरत.

तशी माणसांविषयीच त्यांना फारशी आस्था नव्हती, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही. चव्वेचाळीस वर्षे खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्यांनी माणसे पाहिली होती. मरणासमोर माणूस मोठा होतो म्हणतात. मामांनी पाहिली ती माणसे पेटीचा पुढचा कोपरा कुणी धरायचा यावरून भांडणारी, प्रार्थना चालू असताना बुटाला लागलेला चिखल दुसऱ्याच्या कबरीला पुसणारी, आणि "किती सुंदर झालं हो सगळं" असे लग्नातून निघाल्यासारखे म्हणणारी. फाटकाजवळच्या दोन खोल्यांत मामा आणि मामी राहत. एका खिडकीतून रस्ता दिसे, दुसरीतून कबरी. मामा नेहमी दुसऱ्या खिडकीशी बसत.

ख्रिस्ती मंडळी लहान होती. शे-दीडशे घरे, एक प्रार्थनामंदिर, एक सभागृह, एक कबरस्तान. एवढ्याशा जागेत भांडायला विषय मिळणे कठीण. म्हणून या लोकांनी थेट जगाच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली.

झाले असे की मंडळीतल्या प्राध्यापकांनी एका रविवारी उपासनेनंतर व्याख्यान दिले. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, पण बोलत मात्र रसायनशास्त्र सोडून सगळ्यावर. त्यांनी सांगितले की पवित्र शास्त्रातले सृष्टीचे सहा दिवस म्हणजे सहा प्रदीर्घ युगे. देवाने जीव घडवला तो सावकाश, एकातून दुसरा काढत. आणि नोहाच्या वेळचा जलप्रलय म्हणजे एका नदीला आलेला मोठा पूर, त्या बिचाऱ्याला ती नदी हेच सगळे जग वाटले. वाक्य संपायच्या आत चौकातल्या औषधांच्या दुकानाचे मालक उठून उभे राहिले. त्यांना सगळे औषधवाले म्हणत. त्यांचे वडील, थोरले औषधवाले, तीस वर्षे मंडळीचे मुख्य वडीलधारी होते, आणि मुलगा त्या पुण्याईवर अजून जगत होता.

"तुमचे आजोबा माकड असतील," औषधवाले म्हणाले. "माझे या मंडळीचे संस्थापक होते."

यावर टाळ्या पडल्या. खरे तर तिथेच हसून विषय संपायचा, पण हसायला थोडी अक्कल लागते. पुढच्या रविवारी सहा-दिवसवाले डाव्या बाकांवर बसले आणि युगवाले उजव्या. गाणाऱ्यांतल्या बारीक आवाजाच्या बायका दिवसांकडे गेल्या, जाड आवाजाचे पुरुष युगांकडे, आणि दोघेही आपापल्या वेळी सुरुवात करू लागले. रविवारच्या शाळेत एका वर्गात मुलांना नोहाच्या तारवाचे चित्र काढायला लावत, दुसऱ्या वर्गात ते खोडायला. एक ठरलेले लग्न मोडले, कारण मुलीकडच्यांच्या मते पाणी डोंगरावर चढलेच नव्हते. औषधवाले खोकल्याच्या बाटलीसाठी आलेल्या माणसाला बाटली हातात देईपर्यंत तारवाची लांबी, रुंदी, मजले, आणि हत्तीच्या जोडीला वर्षभर लागणारा चारा एवढे सगळे ऐकवत. तो बिचारा खोकत खोकत मान हलवी. चाऱ्याचे पुढे काय होई आणि ते कोण उचली, हे मात्र औषधवाल्यांनी कधी सांगितले नाही.

प्राध्यापकही काही कमी नव्हते. त्यांनी बेचाळीस पानांची पुस्तिका काढली, तिच्यात एकोणीस आकृत्या घातल्या, आणि ती ज्याच्या त्याच्या हातात कोंबली. माशापासून माणसापर्यंतची रांग त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती. त्या रांगेतला शेवटचा माणूस चष्मेवाला होता आणि हुबेहूब त्यांच्यासारखा दिसत होता.

पाळकसाहेबांचे तळ्यात-मळ्यात चालले होते. "हे प्रभू, तू दिवसांत म्हण, युगांत म्हण, तुला जसं बरं वाटलं तसं हे जग घडवलंस," अशी त्यांची प्रार्थना सुरू होई आणि दोन्ही बाजूंची बाके एकदमच खाकरत.

मामांना हे सगळे खिडकीतून ऐकू येई. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर होता, आणि तरी मामांच्या खिडकीच्या कट्ट्यावर शिंपल्यांची रांग लावलेली होती. बोटाच्या पेराएवढे, नखाएवढे, एक तर बशीएवढा. चव्वेचाळीस वर्षे ते या शिंपल्यांत फावडे घालत होते. मंडळीतल्या एकाने त्यांना कधी विचारले नाही की मामा, खाली काय लागतं. विचारले असते तरी त्यांच्याकडे उत्तर नव्हते. शिंपले कुठून आले हे त्यांना माहीत नव्हते, आणि आपल्याला माहीत नाही हे कबूल करायला त्यांना लाज वाटत नसे. "उथळ पाण्याला खळखळाट फार," ते मामींना म्हणत. "दोघांपैकी एकानं तरी कधी गुडघाभर खणलंय का विचार."

मग मामींच्या डोळ्याचे ऑपरेशन निघाले. तीन दिवस मामा दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते, आणि नेमक्या त्या तीन दिवसांत कबरस्तानाच्या मागच्या भिंतीजवळचा नळ फुटला. नळवाल्यांनी भिंतीच्या कडेने गुडघाभर खोल चर खणला, पाइप बदलला. देखरेखीला औषधवाले होते, कारण मंडळीच्या जागेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. चराच्या कडेकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी चर बुजवू दिला नाही.

मामा परतले तेव्हा चराभोवती सुतळी बांधलेली होती, तिला 'हात लावू नये' असा पुठ्ठा टांगला होता, आणि चराच्या एका बाजूला औषधवाले, दुसऱ्या बाजूला प्राध्यापक असे दोघे वाकून उभे होते.

"या, या मामा," औषधवाले म्हणाले. "इतकी वर्षं खणताय, आणि आमच्यापासून लपवून ठेवलंत?"

मामांच्या हातातली पिशवी खाली टेकली. "काय लपवलं?"

"हे." औषधवाल्यांनी पेनाने दाखवले. "शिंपला बघा कुठं आहे, हातभर वर. काळी माती त्याच्या खाली. पिवळी मध्येच कुठंतरी. सगळं घुसळून काढलेलं. हे म्हणतात लाखो वर्षांचे थर. थर असते तर असे असते? एका वर्षात सगळं जग उलटंपालटं झालं, त्याची ही खूण. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"एका ठिकाणावरून असं ठरवता येत नाही," प्राध्यापक म्हणाले. ते पांढरे बूट जपत काठापासून दोन पावले मागेच उभे होते. "ही जुनी नदी आहे. पात्र बदललं, गाळ मिसळला. माझ्या पुस्तिकेत आकृती नऊ बघा."

मामांनी आकृती नऊ बघितली नाही. ते चराच्या त्या कडेकडे बघत होते. नदी नव्हती आणि प्रलयही नव्हता. ती माती कुणी मिसळली हे त्यांना ठाऊक होते.

"शनिवारी दहा वाजता," औषधवाले सांगत होते, "सगळ्या मंडळीसमोर हाच खड्डा रुंद करायचा आणि पुरुषभर खाली जायचं. पाळकसाहेबांची परवानगी आहे. काचेची पेटी करायला टाकलीय सभागृहात ठेवायला. शिंपला निघो, हाड निघो, सगळं तिच्यात."

"हाड?" मामा म्हणाले.

"प्रलयात बुडालेल्यांचं. का नसावं?"

"किंवा प्राचीन प्राण्याचं," प्राध्यापक म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचे एकमत होत होते. "खणायला अर्थात तुम्हीच, मामा. तुमच्या हाताला सवय आहे."

मामा घरी आले. मामी पलंगावर टेकून बसल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी, आणि दुसऱ्याचे ऑपरेशन अजून व्हायचे होते, त्यामुळे त्याने माणूस आहे एवढेच कळे, कोण ते कळत नसे.

"भिंतीजवळ खणलंय त्यांनी," मामा म्हणाले.

"कुठल्या भिंतीजवळ?"

"नळाच्या."

मामींनी पदराची घडी करायला घेतली होती, ती तशीच राहिली. "तिच्यापर्यंत गेलेत?"

"नाही. वरचं वर. पण शनिवारी खाली जाणार आहेत. मलाच खणायला सांगितलंय."

एकेचाळीस वर्षांपूर्वी या दोघांना एक मुलगी झाली होती. ती दीड दिवस जगली. पाळक परगावी गेले होते, त्यामुळे बाप्तिस्मा राहिला, आणि बाप्तिस्मा राहिला म्हणून नावही राहिले. मामा पेटीसाठी फळ्या तासत होते तेव्हा थोरले औषधवाले दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, बाप्तिस्मा न झालेल्याला आपल्या जमिनीत जागा नाही, नियम आहे, बाहेर कुठेतरी बघ. नियम या शब्दापुढे तेव्हा मामांची जीभ उचलत नसे. ते पेटी काखेत घेऊन थोरल्या औषधवाल्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या फाटकातून बाहेर पडले, कबरस्तानाला पूर्ण वळसा घातला, आणि मागची भिंत जिथे पडली होती तिथून आत आले. भर दुपार होती. सगळा गाव जेवत होता. नळाजवळ त्यांनी खणले, तिला ठेवले आणि माती लोटली. उरकून घरी आल्यावर मामींनी एवढेच विचारले होते, "नीट लावलं ना तिला?" आणि मामा म्हणाले होते, "हो."

वर्षभराने मंडळीच्या कार्यालयाला चुना लावताना कपाटाखाली कबरस्तानाच्या नियमांची वही सापडली. मामांनी ती उभ्या उभ्या वाचली. अकरा नियम होते. फाटक किती वाजता लावायचे, दगड किती उंच असावा, कुत्री आत येऊ देऊ नयेत, शिळी फुले कुठे टाकावीत. बाप्तिस्म्याचा नियम त्यात नव्हताच. थोरल्या औषधवाल्यांनी दारात उभ्या उभ्या तो तोंडातून काढला होता. मामांनी वही जागेवर ठेवली आणि उरलेली भिंत रंगवून पुरी केली. माणसांविषयी त्यांना जे काय वाटते ते त्या दिवसापासून वाटते.

"सांगून टाका त्यांना," मामी म्हणाल्या.

"सांगितलं तर चोरून पुरली म्हणतील. आपल्याला इथून काढतील ते सोड, या वयात कुठंही पडू. पण तिला काढतील. नाहीतर तिच्यावर सभा भरवतील. दोन्ही बाजूंची दोन-दोन भाषणं होतील तिच्यावर."

"पण एवढं कबरस्तान पडलंय. त्यांना तिथंच का खणायचंय?"

मामा खिडकीपाशी गेले. एक शिंपला उचलला, पुन्हा ठेवला. "तिथली माती मिसळलेली आहे."

"मिसळलेली कशी? तुम्ही भरली होती ना?"

"मीच भरली होती."

मामींनी तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवले.

"एकच ढीग घातला होता," मामा म्हणाले. "हात चालत नव्हते. कुणी येईल म्हणून पायानं लोटली माती. जशी आली तशी. चव्वेचाळीस वर्षांत तेवढीच एक."

 मामींनी पदराची घडी पूर्ण केली, उलगडली, परत घातली.

"मला वाटायचं," त्या शेवटी म्हणाल्या, "बाकी तिला काही मिळालं नाही. नाव नाही, दगड नाही, प्रार्थना नाही. पण माती तरी तुमच्या हातची नीट मिळाली. एकेचाळीस वर्षं मी तेवढ्यावर राहिले."

या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला भेसळ म्हटले होते. आता त्यांना बसायला जागा सापडेना. चुलीवरचे पातेले उगाच उघडून ते आत बघत राहिले.

"मग आता लावा," मामी म्हणाल्या.

शुक्रवारी, दुपारी, लोक जेवायच्या वेळेला, मामा चरात उतरले. मामींना डॉक्टरांनी वाकू नका सांगितले होते, म्हणून त्या काठावर स्टुलावर ताठ बसल्या आणि मामांनी घमेले त्यांच्या मांडीवर ठेवले. मामा खालची भेसळ उचलून देत, आणि मामी ती धान्य निवडावे तशी निवडत. डोळ्यांनी दिसत नव्हते, पण त्याने अडले नाही. काळी माती बोटांना मऊ लागते, पिवळी चिकटते, पांढरी खरखरते. शिंपले वेगळे, खडे वेगळे. नळवाल्यांनी काठावर टाकलेली मातीही त्यांनी निवडून घेतली. मामा हळूहळू खाली गेले, आणि पेटी कोपरभर खाली उरली असेल तिथे थांबले. एका घमेल्यात गंजलेला खिळा निघाला. मामींनी तो बोटांत धरून ठेवला, आणि मग खाली वाकून, डॉक्टरांचे न ऐकता, स्वतःच्या हाताने परत खड्ड्यात टाकला.

मग मामांनी भरायला घेतले. आधी पांढरी, मग पिवळी. तिथे त्यांनी धुम्मस चालवली नाही, अनवाणी पायांनीच माती दाबली. चराची कड काळीपर्यंत चढवली, पाणी मारले, आणि फावड्याच्या पात्याने ती सरळ तासली. चार वाजता उठले तेव्हा त्यांचे तळहात फोडांनी भरले होते. इतक्या वर्षांत त्यांना फोड कधी आले नव्हते, कारण इतक्या जोराने फावडे धरायची कधी वेळ आली नव्हती.

"आता नाही खणणार ते," मामा म्हणाले. "खणायची हौस आपल्या बाजूचं निघतंय तोवरच असते."

शनिवारी दहा वाजता सभागृहातल्या खुर्च्या कबरींच्या मधल्या वाटेवर मांडल्या होत्या. डावीकडे दिवस, उजवीकडे युगे, आणि मधे पाळकसाहेब. पुढच्या खुर्च्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मामी फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसल्या. काचेची रिकामी पेटी एका कबरीवरच ठेवली होती, कारण टेबल आणायचे राहिले होते.

औषधवाले भाषणाचा कागद घेऊन चरापाशी गेले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले.

"हे असं नव्हतं," ते म्हणाले.

"तीन दिवस वारा लागला, साहेब," मामा म्हणाले. "वरची माती ढासळली होती. ती साफ केली. साफ केल्यावर असंच दिसतं."

प्राध्यापक रुमाल पसरून त्याच्यावर गुडघा टेकून बसले. त्यांनी पट्टी काढली, लावली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पगारवाढ मिळाली असती तरी एवढा उजळला नसता.

"बघा, सगळ्यांनी बघा," ते म्हणाले. "सरळ थर. एकावर एक, रेघ मारल्यासारखे. वरवरचं पाहून बोललं की असं होतं. ही मांडणी माणसाच्या हातून होणारच नाही. मी जबाबदारीनं सांगतो, या मातीला लाखो वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही."

उजव्या बाजूने टाळ्या वाजवल्या. मामांनी फोडांचे हात पाठीमागे घेतले. भिंतीपाशी अजून ओलावा होता, पिवळ्या थराच्या टोकाला त्यांच्या अंगठ्याचा ठसा राहून गेला होता, आणि शिकलेला माणूस त्याच्यापासून वीतभर अंतरावर पट्टी धरून बसला होता.

पण मामांचा एक अंदाज चुकला. हरलेला माणूस कधीकधी जिंकणाऱ्याहून हट्टी असतो.

"खाली खणा," औषधवाले म्हणाले. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले होते. "वरून कसंही दिसू दे. खाली घुसळण असणार. मामा, उतरा."

"गरज काय?" प्राध्यापक म्हणाले. "सिद्ध झालंय."

"मामा, उतरा म्हणतो ना."

मामांनी फावडे उचलले आणि औषधवाल्यांपुढे धरले. "घ्या साहेब. तुमचा पुरावा, तुम्ही काढा. माझ्या हातून काही निघालं तर उद्या म्हणाल मामानंच घातलं."

डावी बाजू बघत होती. औषधवाल्यांना माघार घेता येईना. त्यांनी कोट काढला, चमकत्या बुटांनी चरात उतरले आणि नेमके तिच्या डोक्यावर उभे राहिले. पहिला घाव घसरला. दुसऱ्याने नखभर माती निघाली. तिसऱ्या घावाला ते धापा टाकू लागले. मामा मोजत होते. पिवळी वीतभर, मग पांढरी कोपरभर, मग ती. चौथा. पाचवा. सहाव्याला फावड्याच्या टोकावर पांढरे दिसले. मामा एक पाऊल पुढे सरकले. त्यांनी ठरवले होते, पांढऱ्यात दुसरा घाव पडला की बोलायचे. इथे माझी मुलगी आहे, एवढेच. मग घर जाओ, काहीही होवो. त्यांनी तोंड उघडलेदेखील.

औषधवाल्यांनी फावडे टाकले, वाकले आणि मातीतून शिंपला उचलला.

"शिंपला!" ते म्हणाले. त्यांना नीट श्वास घेता येत नव्हता, तरी ते हसत होते. "खाली शिंपला आहे. समुद्र इथवर आला होता की नाही?"

"आला होता, मीही तेच म्हणतोय," प्राध्यापक म्हणाले. "कधी, एवढाच प्रश्न आहे."

"आला होता ना? झालं तर."

दोन्ही बाजू जिंकल्या. चव्वेचाळीस वर्षे मामांच्या खिडकीत जे पन्नास शिंपले उघड्यावर पडले होते, त्यातलाच हा एक्कावन्नावा, पण तो काचेच्या पेटीत गेला. दोघांनी हात धरून औषधवाल्यांना वर ओढले. एक बूट चरातच राहिला, तो मामांनी काढून दिला.

पाळकसाहेबांनी चहाकडे बोट केले, लोक उठू लागले.

"पाळकसाहेब," मामा म्हणाले. "एक राहिलं. कबरस्तानातली उघडी जमीन प्रार्थनेशिवाय बुजवत नाहीत. नियम आहे."

"असा नियम आहे?"

"बारावा."

पाळकसाहेबांनी औषधवाल्यांकडे पाहिले. जागेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. शास्त्राच्या अक्षराअक्षरावरून आठ महिने भांडलेल्या या माणसाने स्वतःच्या कबरस्तानाची वही एकदाही उघडलेली नव्हती. पण चारचौघांत तसे कसे म्हणायचे?

"आहे, आहे," औषधवाले बूट चढवत म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे."

मग सगळे पुन्हा उभे राहिले. उघड्या खड्ड्याशी म्हणायची एकच प्रार्थना पाळकसाहेबांना पाठ होती, ती त्यांनी सुरू केली. माती मातीला मिळते, आत्मा देणाऱ्याकडे परत जातो. जीभ सवयीने पुढे गेली. मागच्या आठवड्यात त्यांनी एका म्हातारीला पोचवले होते, तेच शब्द तोंडात होते, आणि "आमच्या या बहिणीला तू आपल्याजवळ घे" असे ते म्हणून गेले. मागून कुणीतरी फिसकन हसले. पाळकसाहेब गोंधळले, पण मधेच थांबणे बरे दिसले नसते, म्हणून त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटले. शे-दीडशे घरांची डोकी खाली झुकली होती. "आमेन," डावी आणि उजवी बाजू एका आवाजात म्हणाली.

मामी कट्ट्यावरून उठून, खुर्च्यांच्या पाठी चाचपत चरापर्यंत आल्या. खाली वाकून त्यांनी मूठभर माती घेतली आणि आत टाकली. लोकांना वाटले, म्हातारीला दिसत नाही, काहीतरी समजून टाकली असेल. दोघा-तिघांनी देखल्या देवा दंडवत म्हणून त्यांच्यामागून एकेक मूठ टाकली. त्यात औषधवालेही होते. मग सगळे चहाला गेले, आणि सभागृहातून आवाज येऊ लागले. समुद्र कधी आला, यावर भांडण सुरू झाले होते.

मामी औषधवाल्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेल्या खुर्चीवर बसल्या. मामा चर भरू लागले. फावड्याने निघालेले तेवढे पांढरे परत पांढऱ्यात, पिवळे पिवळ्यात.

"सगळे आले होते?" मामींनी विचारले.

"सगळे. दोन्ही बाजूंचे."

"टोप्या काढल्या होत्या?"

"काढल्या होत्या."

"त्यानंसुद्धा?"

"त्यानंसुद्धा. डोकं अगदी खाली घातलं होतं."

 मामींना फावड्याचा आवाज ऐकू येत होता, आणि कुठला थर चालू आहे ते त्या आवाजावरून त्यांना कळत होते.

"काळी जरा जास्त घाला," त्या म्हणाल्या. "काहीतरी लावता येईल वर."